पूर्वजांचे फोटो आणि कागद संगणकात लावताना

"आजोबांचे सगळे कागद स्कॅन केलेत, पेन ड्राइव्हवर देतो," असं नात्यातलं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, फाइलींना नावं काय दिलीत? उत्तर बहुधा ‘स्कॅन ००१, स्कॅन ००२’ असंच असतं. असा पेन ड्राइव्ह आणि कपाटावरची न उघडलेली ट्रंक, यात मला तरी फार फरक दिसत नाही.

घरातले वंशावळीचे कागद मी सांभाळते, माहेरचे आणि सासरचेही. एक पथ्य पाळते: एखादी फाइल एकटीच कुणाच्या हाती लागली, तरी ती कुणाची, कधीची आणि कुठून आली हे तिच्यावरूनच कळलं पाहिजे. फोल्डर हलवले जातात, सॉफ्टवेअर बंद पडतात, आणि ‘मला सगळं आठवतं’ म्हणणारी माणसं कायमची नसतात.

सुरुवात तीन फोल्डरांनी करा. ‘आवक’मध्ये जे येईल ते टाकायचं. ‘मूळ’मध्ये स्कॅनरमधून निघालेली फाइल जशीच्या तशी; तिला नाव द्यायचं, बाकी काही करायचं नाही. कापणं, उजळवणं, डाग काढणं हे सगळं ‘कामाच्या प्रती’मध्ये. जेपीजी फाइल बदलून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील जातो, टिफ या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत तसं होत नाही. म्हणून ‘मूळ’साठी टिफ. चार बाय सहा इंचांचा रंगीत फोटो ६०० डीपीआयने (म्हणजे इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन केला तर २४०० गुणिले ३६०० पिक्सेल होतात आणि फाइल साधारण २६ एमबीची. आजच्या डिस्कला ते जड नाही. लिखित कागदाला ३०० पुरतात. फोटोची मागची बाजू मात्र सोडू नका. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कुणाला पाठवला ते, सगळं तिथेच असतं. तिला पुढच्या बाजूचंच नाव द्या आणि शेवटी ‘मागे’ जोडा.

आता नावं. इथे वेळ घालवा, पुढे तो दसपटीने वाचतो.

‘आजी’, ‘मोठे काका’ अशी नावं देऊ नका. कुणाची आजी? पुढच्या पिढीला ती पणजी. मी वंशावळकारांची जुनी क्रमांकपद्धत वापरते. मिखाएल आयट्झिंगर या ऑस्ट्रियन इतिहासकाराने ती १५९० साली छापली होती. ज्याच्यापासून मोजायचं तो १. कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, दुप्पट अधिक एक म्हणजे आई. मी १ हा क्रमांक स्वतःला न देता मुलाला दिला, त्यामुळे दोन्ही घराणी एकाच मोजणीत बसली: नवरा २, मी ३, माझे वडील ६, त्यांची आई १३. आत्या-काकांना त्यांच्या वडिलांचा क्रमांक आणि एक अक्षर. माझी थोरली आत्या १२-क. लग्नानंतर आडनाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही, हा मोठाच फायदा.

नाव असं होतं: ०१३_गोदावरी_१९४८-००-००_समूहफोटो_०१. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे एकाच माणसाच्या फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. महिना माहीत नसेल तर ००. वर्ष अंदाजे असेल तर लोक पुढे प्रश्नचिन्ह टाकायला जातात, पण विंडोज ते फाइलच्या नावात घेतच नाही. ‘१९४एक्स’ असंही नको. विंडोज त्यातला १९४ हा आकडा सुटा वाचतं आणि फाइल पार वर नेऊन ठेवतं. जवळचं वर्ष लिहा आणि शेवटी ‘अंदाजे’ जोडा.

प्रत्यक्षात मी ही नावं रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करते. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत दिलीत. कारण भाषाप्रेमाच्या आड येणारं असलं तरी व्यवहाराचं आहे. ‘गोऱ्हे’मधला ‘ऱ’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाने लिहिलेलं दुसऱ्याने शोधलं तर सापडेलच असं नाही. देवनागरीची हौस फोटोच्या मथळ्यात भागवावी.

मथळा म्हणजे फोटोच्या फाइलच्या पोटात राहणारं वर्णन. विंडोजमध्ये जेपीजीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडा. तिथे लिहिता येतं. फोटो बरेच असतील तर डिजीकॅम हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. मात्र माहिती फाइलमध्येही लिहिली जावी, ही त्यातली सेटिंग तपासा, नाहीतर मजकूर त्याच्या डेटाबेसमध्येच अडकतो. लिहिलेला एक मथळा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा. समूहफोटोत नावं ‘मागची रांग, डावीकडून’ अशी लिहा, आणि ओळखू न आलेल्याची जागा ‘अज्ञात’ लिहून राखा. ती गाळली की पुढची सगळी नावं एकेक माणूस सरकतात. फोटो एकाच फोल्डरात राहू द्या; त्यातल्या प्रत्येक माणसाच्या फोल्डरात प्रत टाकत बसू नका, फोटोला जोडलेल्या नावाच्या टॅगवरून तो माणूस सापडतो. ही माहिती लिहिलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलात तर तो आक्रसतो आणि आतली माहितीही जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

कागदपत्रांच्या बाबतीत कुठल्या कार्यालयातली कुठली नोंदवही, पान कितवं, आणि आपण कधी पाहिलं, हे त्याच दिवशी लिहावं. ‘नंतर लिहू’वाल्या नोंदी पुन्हा शोधणं हे नोंद शोधण्यापेक्षा कटकटीचं.

फोल्डर पक्के झाल्यावरच ग्रॅम्प्ससारखं वंशावळीचं सॉफ्टवेअर उघडा. ते फोटो स्वतःजवळ ठेवत नाही, फक्त पत्ता लक्षात ठेवतं. फोल्डर हलला की जोड तुटली. ग्रॅम्प्समध्ये सगळ्यात वरचा फोल्डर एकदा ठरवून तिथपासूनचे सापेक्ष पत्ते देता येतात, तेच करा. दुसऱ्या सॉफ्टवेअरला माहिती देण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे जेडकॉम फाइल. तिच्यात मजकूर जातो, फोटो नाही. २०२१ च्या जेडकॉम ७ मध्ये फोटोंसह एकच गठ्ठा करण्याची सोय आली, पण समोरच्याचं सॉफ्टवेअर ते वाचतं का, हे आधी विचारा.

बॅकअपला तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपोआप जुळवून घेणारं क्लाउड फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल पुसली की तिथूनही पुसली जाते. अधूनमधून बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा.

सगळ्यात वरच्या फोल्डरात ‘आधी हे वाचा’ नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवा. क्रमांक कुणापासून मोजलेत, ००चा अर्थ काय, मूळ कागद कुठल्या कपाटात आहेत, कुणाला काय विचारायचं, एवढं लिहा. आणि हयात माणसांचे जन्मदाखले, ओळखपत्रं वेगळ्या फोल्डरात ठेवा. भावंडांना पेन ड्राइव्ह भरून देताना तो फोल्डर काढून घ्यायचा, हेही त्याच फाइलीत पहिल्या ओळीत लिहून ठेवा.