एका शून्यापायी अडकलेलं बिल

साकोलीकडे आमचं लाकडी पेट्यांचं काम. आरामशीनला लागून टिनाचं शेड, बस. दारूगोळ्याच्या पेट्यांचं पोटकंत्राट मिळालं आणि पहिलंच बिल परत. "कोड जुळत नाही."

पेट्या मोजा ना भाऊ, कोड काय मोजता! पण चूक आमचीच निघाली. बिलावर लागतो तो नाटो स्टॉक नंबर, म्हणजे लष्करी मालाचा ओळख नंबर, १३ अंकी असतो: पहिले ४ वर्गाचे (अशा पेट्यांना ८१४०), मधले २ नंबर देणाऱ्या देशाचे (भारत ७२), उरलेले ७ वस्तूचे. पोरानं एक्सेलमध्ये हे ७ वेगळ्या रकान्यात टाकले, अन् सुरुवातीची शून्यं गायब. पूर्ण नंबर एकत्र टाकला तर तो ८.१४ई+१२ असा दिसायचा.

मग सगळे रकाने आधी 'टेक्स्ट' केले, म्हणजे एक्सेल आकड्यांना मजकूर समजून जसेच्या तसे ठेवतं, मग आकडे भरले. पूर्ण नंबराची लांबी १३ नसली की रकाना लाल.

आणखी एक भानगड पुरवठादाराच्या ५ अक्षरी कोडात होती. आम्ही शून्याच्या जागी ओ लिहिला होता. त्या कोडात आय आणि ओ वापरतच नाहीत, हे कळायला दोन दिवस गेले. त्यात धानाची कापणी सुरू! दुरुस्त बिल चार दिवसांत पास झालं.