वाइनच्या बाटलीचे बूच: नैसर्गिक की कृत्रिम? या चुका टाळा

साध्या टेबल वाइनची बाटली उघडल्यावर प्लास्टिकचे बूच हाती आले की आपली फसगत झाली असे अनेकांना वाटते. बुचावरून वाइनची प्रत ठरवणे ही पहिली चूक होय. खरे बूच पोर्तुगालसारख्या देशांत वाढणाऱ्या एका जातीच्या ओक वृक्षाच्या सालीपासून बनते. (आपल्याकडे रस्त्याकडेला पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड निराळे.) त्या ओकची साल पहिल्यांदा काढण्यास सुमारे 25 वर्षे लागतात आणि पुढे दर वेळी किमान 9 वर्षे थांबावे लागते, त्यामुळे सालीच्या एकसंध तुकड्याचे चांगले बूच स्वस्त वाइनला परवडत नाही. तिथे बहुधा सालीचा चुरा डिंकासारख्या द्रव्याने सांधलेले बूच किंवा पॉलिथिलिनचे बूच असते, आणि वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या वाइनला ते पुरेसे असते.

दुसरी चूक वासाची. बुचाचे कण पेल्यात तरंगले म्हणजे वाइन बिघडली असे नव्हे. स्वच्छ मलमलीतून गाळली की काम भागते. खरा दोष सालीच्या बुचातून वाइनमध्ये उतरणाऱ्या टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल) या संयुगाचा असतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि फळाचा स्वाद मावळतो. ती वाइन प्यायल्याने अपाय होत नाही. परंतु पेल्यात कितीही वेळ उघडी ठेवली तरी तो वास जात नाही, म्हणून अशी बाटली दुकानदाराला दाखवावी. कृत्रिम बुचातून हा दोष सहसा येत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे. मात्र त्यातून हवा तुलनेने अधिक शिरते, त्यामुळे ‘जुनी झाली की मुरेल’ म्हणून अशी बाटली पाच-सहा वर्षे राखून ठेवणे व्यर्थ ठरते.

नागपुरात सर्वांत महागात पडणारी चूक बुचाची नसून जागेची आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो तेव्हा माळ्यावर किंवा ओट्यावरच्या कपाटात ठेवलेली वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते, गळ्याशी चिकट ओघळ दिसतात आणि आतली वाइन शिजल्यासारखी लागते. खोलीतला कूलर दिवसा चालू आणि रात्री बंद राहिला की तापमानाचा चढउतार होतो, तोही बाधतो. नैसर्गिक बूच असलेली बाटली आडवी ठेवावी, म्हणजे ते ओलसर राहून आकसत नाही. कृत्रिम बुचाला त्याची गरज नसते. फ्रिजमध्ये महिनोन्महिने ठेवल्यास खरे बूच कोरडे पडते हे खरे, तरी उन्हाळ्यातील काही आठवड्यांसाठी माळ्यापेक्षा फ्रिजच बरा.

कॉर्कस्क्रू तिरपा घुसवल्यास चुऱ्याचे बूच तुटते, म्हणून तो मध्यभागी सरळ फिरवावा. कृत्रिम बूच बाहेर आल्यावर फुगते आणि पुन्हा बसत नाही; ठोकून बसवण्याऐवजी रबरी झाकण लावावे, बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.