बांधावरचा तरवड यंदा खणू नका

घट बसले की माळेसाठी तरवडाच्या झुडपाची पिवळी फुलं शोधत फिरायचं आणि घट उठले की तोच तरवड कुदळीनं उपटायचा, हे माण, खटाव, सांगोला, जत भागात दरवर्षी चालतं. रब्बीच्या तयारीत बांध चकाचक दिसावा असं वाटतं खरं. पण मुरमाड बांधाची माती हीच मुळं धरून ठेवतात, आणि शेळ्या-मेंढ्या या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणजे राखणही लागत नाही.

फुलं विकायची असतील तर खुशाल तोडा, पण काही झुडपं शेंगांसाठी राखा. या फुलात मध नसतो, नुसता पराग. तोही केसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांत बंद. काळा भुंगा फुलाला लटकून जोरात घुमतो, तेव्हा पराग बाहेर उडतो. वांग्याच्या फुलाचंही असंच आहे, त्यामुळे वांग्याच्या प्लॉटशेजारी तरवड असणं फायद्याचं. फुलोऱ्यात कीटकनाशक मारायचंच झालं तर संध्याकाळी मारा. तणनाशक बांधावर उडू देऊ नका. पानांवरच्या हिरव्या अळ्या बहुधा फुलपाखरांच्या असतात, त्यांच्यापायी औषधाचा खर्च नको.

शेंगा कागदासारख्या चपट्या असतात. तपकिरी होऊन वाळल्या की काढा. कासोदा हे तरवडासारखंच पिवळ्या फुलांचं झुडूप, त्याचं बी यात मिसळू देऊ नका, ते जनावरांना विषारी आहे. तरवडाच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी गोलसर उपपानं असतात, ती बघूनच शेंगा तोडा.

बियांचं कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेल्याला पुन्हा तसंच पाणी द्या. मार्चअखेर पिशव्या भरल्या तर पावसाळ्यात रोपं लावता येतात. कुंपणासाठी दीड फुटावर एक रोप पुरे.

शेंगा काढून झाल्या की फेब्रुवारीत झुडूप वीतभर ठेवून छाटा, पुन्हा फुटतं. पाला आच्छादनाला किंवा कंपोस्टला वापरा. शेंगवर्गीय असला तरी याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत, तेव्हा खताचा हिशेब त्या भरवशावर कमी करू नका. साल चामडं कमवायला चालते. कोणी मागितली तर छाटलेल्या फांद्यांची द्या, उभं झाड सोलू देऊ नका.