सापा-सरड्याची पानथरी वाचताना या चुका टाळा

उंदराच्या प्लीहेची, म्हणजे पानथरीची, स्लाइड डोळ्यांत मुरलेला विद्यार्थी सरड्याची स्लाइड लावतो आणि हमखास विचारतो, "सर, जर्मिनल सेंटर कुठंय?" नसतंच. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी जिथं वाढतात तो हा गोल पुंजका सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्लीहेत तयारच होत नाही. त्यांना सस्तन प्राण्यांसारखे लिम्फ नोडही (लसिका ग्रंथी) नसतात. त्यामुळे रक्तातून आलेला परका पदार्थ अडवायचा आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायची, या कामाचा मोठा भार प्लीहेवर पडतो. तेव्हा 'सेंटर दिसलं नाही, म्हणजे प्रतिकारशक्ती खालावली' असा निष्कर्ष लिहू नका.

दुसरी गफलत जातीची. कासवात पांढऱ्या गराचे (लिम्फोसाइट या संरक्षक पांढऱ्या पेशींनी भरलेल्या भागाचे) दोन भाग ओळखू येतात: एक धमनिकेभोवतीचा लिम्फोसाइटचा थर, दुसरा म्यान चढलेल्या केशवाहिन्यांभोवतीचा. सापात चित्र वेगळं. तिथं पांढरा गरच सगळी जागा व्यापतो, तंतुमय पडद्यांनी त्याच्या गाठी पडतात, लाल गर (रक्ताने भरलेला भाग) नावापुरता. हे माहीत नसेल तर 'लाल गराचा ऱ्हास' हा शेरा ठरलेला. सापाची प्लीहा काढतानाही घोळ होतो. ती लहान, गोलसर असते, पित्ताशयाजवळ स्वादुपिंडाला लगटून. काही सापांत तर त्याला चिकटलेलीच. सेक्शनच्या (स्लाइडवरच्या पातळ कापाच्या) कडेला ग्रंथींची पुंजकी दिसली तर गाठ समजून घाबरू नका, ते स्वादुपिंड आहे.

पेशी मोजताना मात्र खरी परीक्षा. इथं तांबड्या पेशींनाही केंद्रक असतं. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगांत लाल गर निळ्या ठिपक्यांनी भरलेला दिसतो आणि अहवालात 'लिम्फोसाइट वाढले' असं येतं. लंबगोल केंद्रक आणि भोवती गुलाबी द्रव्य असेल तर ती तांबडी पेशी. थ्रॉम्बोसाइट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) त्याहून फसवे, लहान लिम्फोसाइटसारखेच. सेक्शनवर अंदाज बांधत बसण्यापेक्षा ताज्या कापाचा काचेवर ठसा घ्या, गिएम्सा हा रंग लावा. लिम्फोसाइटची कड निळसर, थ्रॉम्बोसाइटची जवळजवळ बिनरंगी. तांबड्या कणांची प्रत्येक पेशी इओसिनोफिलही नव्हे. हेटेरोफिल, म्हणजे तसेच कण असलेल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, इथले नेहमीचे रहिवासी.

तपकिरी-काळ्या ठिपक्यांवर थोडं थांबायला हवं, कारण तिथं मीसुद्धा एकदा तोंडावर पडलो आहे. मेलॅनोमॅक्रोफेज (रंगद्रव्य साठवणाऱ्या भक्षक पेशी) म्हणून मोजलेले निम्मे ठिपके अवयव टिकवायच्या फॉर्मलिनचे निघाले. बफर न घातलेलं, आंबट झालेलं फॉर्मलिन रक्ताळलेल्या अवयवात हा रंग सोडतं. ध्रुवीकृत प्रकाशात तो चमकला की ओळखावा. अल्कोहोलमधल्या पिक्रिक आम्लाने निघून जातो. खऱ्या मेलॅनोमॅक्रोफेजमध्ये मेलॅनिन, हिमोसिडेरिन (लोहाचं रंगद्रव्य) आणि लिपोफ्युसिन (जुन्या मेदाचं) असं सगळंच असू शकतं. पर्ल्स स्टेनने निळं झालं तर लोह. पोटॅशियम परमँगनेट आणि मग ऑक्झॅलिक आम्ल लावून उडालं तर मेलॅनिन. दोन्ही करून पाहिल्याशिवाय नाव देऊ नका.

तुमचे 'कंट्रोल' आणि 'प्रयोगातले' प्राणी वेगवेगळ्या महिन्यांत पकडलेले असतील, तर तुलना तिथंच संपली. अनेक जातींत हिवाळ्यात पांढरा गर आटतो, लिम्फोसाइट विरळ होतात, ऊब आली की पुन्हा भरतो. इजिप्तमधल्या सापा-सरड्यांच्या अभ्यासांत हे ऋतुचक्र ठळक दिसलं आहे. लैंगिक आणि ताणाची संप्रेरकंही यात हात घालतात. महिना, लिंग, पिंजऱ्याचं तापमान वहीत नोंदवलं नसेल तर आकडे कितीही सुबक असोत, उपयोग नाही.

मदुराईत 1970च्या दशकात व्ही. आर. मुथुकरुप्पन यांच्या गटाने आपल्याकडे बागेत दिसणाऱ्या सरड्याला मेंढीच्या तांबड्या पेशी टोचून प्लीहेचा प्रतिसाद तपासला होता. तसं काही करायचं असेल तर घाई नको. थंड ठेवलेल्या प्राण्यात प्रतिपिंडं उशिरा येतात आणि कमी येतात. आधी आयजीएम, मागाहून आयजीवाय या प्रकारची. दुसरा डोस दिला तरी सशात मिळते तशी प्रतिपिंडांची उसळी मिळेलच असं नाही, तेव्हा 'लस बिघडली' म्हणण्याआधी थर्मामीटर बघा.

आणि मेलेला साप फ्रीजरमध्ये ठेवून सोमवारी कापायचा बेत सोडून द्या. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, मग सेक्शनभर भोकं दिसतात. मिळाला की लगेच 3 ते 5 मिलिमीटर जाडीचे काप, कापांच्या आकारमानाच्या दहापट बफर्ड फॉर्मलिनमध्ये. अजगर किंवा घोरपड असेल तर त्याआधी वनखात्याची लेखी परवानगी. 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले प्राणी आहेत ते, मेलेलेसुद्धा.