सोलापुरात राहून इतिहासात एमए-पीएचडी करताय? पैशाचं कसं जमवायचं ते सांगतो

इतिहासात एमएला ॲडमिशन घेतली की घरचे विचारतात, पुढं काय करणार आणि पैसे कोण देणार. पहिल्याचं तुमचं तुम्ही बघा, दुसऱ्याचं सांगतो. पैसे मिळतात, इतिहासवाल्यांनाही मिळतात, पण आपल्याकडची बरीच पोरं एमए संपल्यावर शोधाशोध सुरू करतात, तोवर एमएसाठीचे पैसे हातचे गेलेले असतात आणि पीएचडीला लागणारे कागद कशाचेच तयार नसतात. म्हणून एमए पहिल्या वर्षालाच कामाला लागायचं.

एमएवाल्यांनी आधी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल उघडायचं. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी सगळ्यांच्या पोस्ट मॅट्रिक योजना तिथंच आहेत, ओपनमधल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. ही सगळ्यांना माहिती असते. माहिती नसते ती यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची पीजी स्कॉलरशिप, केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, महिना 15,000, वर्षातले 10 महिने, दोन वर्षं. देशभरात 10,000 जागा, त्यातल्या 30 टक्के मुलींना. पदवीच्या मार्कांवर निवड होते, एमए पहिल्या वर्षालाच फॉर्म भरावा लागतो आणि डिस्टन्सवाल्यांना चालत नाही. बीएला चांगले मार्क असतील तर फॉर्म भरायला काय जातंय.

आता कागदपत्रं. कंटाळवाणं आहे पण निम्मी पोरं इथंच गळतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी, नॉन क्रीमी लेयर, हे सगळं जाहिरात यायच्या आधी हातात पाहिजे, जाहिरात आल्यावर सेतूत रांग लावली तर मुदत संपून जाते. मग नावाचा घोळ. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, त्यात आपल्याकडच्या तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरंच. दहावीचं धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. आणि बँकेत आधार 'लिंक' आहे म्हणजे 'सीडिंग', म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला ते खातं आधारला जोडणं, झालंय असं नाही बरं का, सरकारी पैसे ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालंय तिकडं जातात, मध्येच कुठल्या ऑफरसाठी नवीन खातं काढलं असेल तर स्कॉलरशिप गुपचूप तिकडं जाऊन बसते आणि तुम्ही जुन्या पासबुकात एंट्री मारत बसता.

पीएचडीचं म्हणाल तर सगळ्यात भारी जेआरएफ, म्हणजे यूजीसीच्या नेट परीक्षेतून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप. 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढं तिची एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) झाली की 42,000, जास्तीत जास्त पाच वर्षं. शिवाय हॉस्टेल नसेल तर घरभाडं, आणि घरभाड्यासाठी शहरांचे जे गट केलेत त्यात सोलापूर वाय गटात येतं. एमए शेवटच्या वर्षाला असतानाच परीक्षा देता येते. 150 प्रश्न, 300 मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. वयाची अट 30, मुलींना आणि राखीव गटांना पाच वर्षं सूट. अडचण एकच, इतिहासाचा पेपर हिंदी-इंग्रजीत येतो, मराठी मीडियमवाल्यांना उत्तर माहिती असूनही प्रश्न कळत नाही असं होतं, त्यावर उपाय म्हणजे जुने पेपर सोडवत राहणं, दुसरा शॉर्टकट नाही. आणि सगळ्या विषयांना सारखाच असणाऱ्या पहिल्या पेपरला हलक्यात घेऊ नका, 50 प्रश्नांचे 100 मार्क तिथं आहेत. सेट ही राज्याची परीक्षा पास झालात तर प्राध्यापकाच्या नोकरीला पात्र होता, फेलोशिप मात्र मिळत नाही, हे दोन्ही एकच समजणारे लई जण भेटतात.

जेआरएफ नाही झाली तर फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्था आहेत. एससीसाठी बार्टी, मराठा-कुणबी असाल तर सारथी, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी महाज्योती. पण यांची जाहिरात दरवर्षी वेळेवर येईल असं धरून घरखर्चाचं गणित मांडू नका. एकुलती एक मुलगी असाल, म्हणजे भाऊ-बहीण कोणी नाही, तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप तुमच्यासाठीच आहे. आणि दिल्लीची आयसीएचआर, म्हणजे भारतीय इतिहास अनुसंधान परिषद, ती खास इतिहासाचीच आहे, पीएचडीला रजिस्टर झालेल्यांना फेलोशिप देते आणि कागदपत्रं बघायला फिरावं लागतं त्यासाठी वेगळी ग्रँटपण. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, तो विचार डोक्यातून काढा.

आता खरं काम, प्रपोजल, म्हणजे कशावर आणि कसं संशोधन करणार ते लिहून द्यायचं. 'सोलापूरचा स्वातंत्र्यलढा : एक अभ्यास' असला विषय पाठवू नका, वाचणाऱ्यानं असले ढिगानं बघितलेत. विषय असा पाहिजे की त्याचे कागद कुठं आहेत हे तुम्हाला सांगता येईल. समजा 1930 चा सोलापुरातला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा घेतला. चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, त्यात तुम्ही नवीन काय विचारणार? मार्शल लॉच्या दिवसांत गिरण्यांच्या पगाराचं आणि बाजाराचं काय झालं, असं काहीतरी विचारा. किंवा सेटलमेंट घ्या, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कुंपणाच्या आत ठेवून गिरणीत कामाला पाठवायचे, त्यांच्या मजुरीचा हिशेब कोण ठेवत होतं? मग लिहा की मुंबईच्या राज्य अभिलेखागारात गृहखात्याच्या फाईली बघणार, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अमुक बघणार, जुन्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेणार, कुठल्या महिन्यात कुठं जाणार. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबईत, एकदा जाऊन यादी बघून या आणि दोन-तीन फाईलींचे नंबर प्रपोजलमध्ये टाका. हा माणूस तिथं जाऊन आलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं, तुमच्या चार पानी प्रस्तावनेनं ते होत नाही.

परदेशाचं थोडक्यात. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून 2022 ला भारताच्या इतिहास-संस्कृतीवरचे विषय वगळले, त्यामुळं त्यावर वेळ घालवण्याआधी चालू वर्षाचे नियम वाचा. इथंच पीएचडी करत असाल तर लंडनमध्ये जाऊन ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रिटिश सरकारचे कागद बघायला चार्ल्स वॉलेस ट्रस्टची छोटी ग्रँट आहे, आणि अमेरिकेत सहा ते नऊ महिन्यांसाठी फुलब्राइट-नेहरू फेलोशिप.

मिळाल्यावरही निवांत बसायचं नाही. जेआरएफला दर महिन्याला तुमच्या संस्थेतून पोर्टलवर कन्फर्मेशन जावं लागतं, एक मेकर भरतो आणि दुसरा चेकर मान्य करतो. ते दोघं कोण आहेत हे जॉइन झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, त्यांच्यातला एक जरी रजेवर गेला तरी तुमचा महिना लटकतो.