नवे मॅगव्हील (अलॉय रिम) घेताय? ऑफसेट-बॅकस्पेसिंगचा हिशेब आधी घरी करा

टायरच्या दुकानात पाय ठेवला की पहिलं वाक्य कानावर येतं, "साहेब, पीसीडी मॅच आहे, डोळे झाकून घ्या." नका घेऊ. पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, जुळला म्हणजे रिम हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर, चढेल, बस एवढंच. चढल्यावर ती आत शॉकअपला घासणार की बाहेर मडगार्डच्या पुढे येणार हे ठरतं ऑफसेट आणि बॅकस्पेसिंगवर, आणि त्याबद्दल विचारलं की काउंटरवरून उत्तर येतं, "बसतं हो, खूप गाड्यांना टाकलंय." त्या गाड्यांचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही.

पीसीडी आणि सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधलं भोक, पटकन उरकतो. नटांची संख्या आणि वर्तुळ तंतोतंत तेच हवं. फियाट पुंटोचा ४×९८ (चार नट, ९८ मिलीमीटरचं वर्तुळ) आणि बाजारात ढिगाने मिळणारा ४×१००, यात दोनच मिलीमीटरचा फरक आहे म्हणून नट आवळून रिम बसवायला निघालेल्या माणसाच्या हातातून पाना काढून घ्या. सेंटर बोअर हबपेक्षा मोठा असेल तर मधली फट भरणारी हब रिंग टाका, लहान असेल तर रिम बसणारच नाही.

आता मुद्द्याचं. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेषा धरा. रिमचा जो सपाट भाग हबला टेकतो तो या रेषेपासून जितके मिलीमीटर लांब, तो ऑफसेट, रिमवर 'ईटी ४५' असा कोरलेला असतो. टेकणारा भाग रेषेच्या बाहेरच्या बाजूला म्हणजे रस्त्याकडे असेल तर पॉझिटिव्ह, तेव्हा चाकाचा जास्त भाग गाडीच्या पोटात जातो. उलट असेल तर निगेटिव्ह, चाक बाहेर येतं. बॅकस्पेसिंग म्हणजे तोच टेकणारा भाग ते रिमची आतली कड, हे अंतर. हे थेट पट्टीने मोजता येतं म्हणून मला जास्त विश्वासाचं वाटतं.

मोजायचं कसं, तर चाक काढा, आतली बाजू वर करून आडवं ठेवा, गवंडी वापरतात तसली सरळ अॅल्युमिनियमची पट्टी कडेवर आडवी टाका आणि तिथून टेकणाऱ्या भागापर्यंत टेप सोडा. टायर चढवलेला असेल तर पट्टी कडेवर न टेकता टायरच्या फुगीर गालावर टेकते आणि आकडा मोठा येतो, मग पट्टी ते रिमची कड हे अंतर वेगळं मोजून वजा करायचं. हे बरेच जण विसरतात.

आणि आता ती जागा जिथे मी स्वतः फसलो, इथे घाई करू नका. रिमवर ६जे, ७जे लिहिलेलं असतं ती पूर्ण रुंदी नसते! ती टायरची कड जिथे बसते तिथपासून तिथपर्यंतची इंचातली रुंदी, त्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-अर्धा इंच कड अजून असते. म्हणजे ६जे रिम टोकापासून टोकापर्यंत जवळपास ७ इंच, ७जे जवळपास ८ इंच. हिशेब असा: जे च्या आकड्यात एक मिळवा, २५.४ ने गुणा, निम्मं करा. त्यात ईटी मिळवला की बॅकस्पेसिंग, म्हणजे आतली बाजू, आणि ईटी वजा केला की बाहेरची बाजू. ईटी निगेटिव्ह असेल तर अर्थातच उलटं.

माझ्या गाडीला कंपनीची ६जे ईटी ४५ होती, टेपने बॅकस्पेसिंग १३४ मिलीमीटर आलं. मला आवडलेली रिम ७जे ईटी ४८. मी सातचं निम्मं केलं, ८८.९, त्यात ४८, झाले १३७. तीनच मिलीमीटर आत जातंय, शॉकअप ते टायर फट १८ ची आहे, टायरची रुंदी तीच ठेवायचीय, मग काळजी कसली, म्हणून चारही रिम घेतल्या. खरा हिशेब होता आठचं निम्मं १०१.६ अधिक ४८, म्हणजे १४९.६. जवळजवळ १६ मिलीमीटर आत! जुनं चाक पूर्ण रुंदीने मोजलं आणि नवं अर्धवट रुंदीने, चूक ती इथे. दुकानात जॅकवर चाक मोकळं फिरलं त्यामुळे कोणाच्याच लक्षात आलं नाही. मग भरल्या गाडीने खंबाटकीची वळणं घेतली, वळणावर टायरचा गाल दबतो, आणि उरलेली दोन मिलीमीटरची फट तिथे संपली. घरी येऊन आत हात घातला तर टायरच्या गालावर गोल चर पडलेला, बोटाचं नख त्यात अडकत होतं, आणि शॉकअपवरचा काळा रंग जाऊन खालचं लोखंड चकाकत होतं. त्या वेगात तो गाल फाटला असता तर काय झालं असतं याचा विचार करून मला दोन दिवस नीट झोप लागली नाही.

दुकानदाराचा उपाय होता स्पेसर. साधा स्पेसर म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये टाकायची चकती, ती नटासाठीची स्टडची लांबी खाते, नट दोन-चार आट्यांवर लटकतो. मला तो कुठल्याही किमतीत मान्य नाही. रिम तोट्यात विकल्या.

म्हणून कागदावर कायम दोन आकडे काढा, आत किती आणि बाहेर किती. नुसता ईटी बघून काही कळत नाही. मारुतीच्या जिम्नीचं उदाहरण घ्या. कंपनीची रिम १५ इंच, ५.५जे, ईटी ५. लोक ७जे ईटी ० बघतात आणि म्हणतात पाचचाच फरक आहे. हिशेब केला की चाक १४ मिलीमीटर आत आणि २४ बाहेर जातं. तीच ७जे ईटी उणे १५ घेतली तर आत एक मिलीमीटर उलट मोकळं होतं, पण बाहेर ३९. दिसायला दणकट दिसतं, पण दारांवर चिखल उडतो, खड्ड्यात स्टेअरिंग हातातून ओढलं जातं, बेअरिंगवर ताण वाढतो. टायर रुंद करत असाल तर वाढीच्या निम्मे मिलीमीटर दोन्ही बाजूंना अजून धरा, १९५ चा २०५ म्हणजे पाच-पाच.

मग गाडीवर जागा मोजा. शॉकअप चाकाच्या नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या आणि स्टेअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाला, बोल्टने बांधलेला असेल, बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तसाच असतो, तर तो चाकाबरोबरच वळतो, त्यामुळे ती फट स्टेअरिंगने फारशी बदलत नाही, तिथे मी सहा मिलीमीटरच्या खाली जात नाही. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक लायनर आणि मडगार्डची कड यांचं तसं नाही, तिथे चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे जातं. मुलांची क्ले तिथे चिकटवा, मागे माणसं बसवा, स्टेअरिंग दोन्हीकडे फुल वळवून स्पीडब्रेकरवरून न्या, क्लेवर उमटलेली खूण बघा. ब्रेक कॅलिपरची जागा मात्र ऑफसेटवरून कळत नाही, स्पोकचा आकार वेगवेगळा असतो, एक रिम प्रत्यक्ष चढवूनच बघायची.

रिमवर जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए या जपानी तपासणीचा शिक्का बघा, इन्शुरन्सवाल्यांना रिम बदलल्याचं कळवा. चाक बॉडीच्या बाहेर डोकावत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं कलम, दाखवून पोलीस अडवू शकतात, म्हणून मी बाहेरचा आकडा बॉडीच्या आतच ठेवतो.

बसवताना नट नव्या रिमच्या सीटला जुळणारेच हवेत, कोनाचे की गोल ते बघून घ्या, चांदणीच्या क्रमाने, म्हणजे ओळीने नाही तर समोरासमोरचे, टॉर्क पान्याने आवळा, आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा तपासा. तेव्हाच टॉर्च घेऊन आतला गाल हाताने चाचपून बघा, चारही चाकांचा.