एस्केप रूम गेममध्ये अडकलात? या चुका टाळा

फोनवरच्या, बंद खोलीतून बाहेर पडायच्या गेममध्ये अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे एखादी जागा किंवा वस्तू पाहायचीच राहून जाते. मग हाताशी असलेल्या अर्धवट माहितीवर डोकं कितीही चालवलं तरी उत्तर निघत नाही. म्हणून कोड्याशी झुंजण्याआधी खोली पूर्ण पाहून घ्या: गालिच्याखाली, चित्रामागे, खणाच्या तळाला, दाराच्या वर. दार उघडल्यावर त्याची मागची बाजू पाहायला बरेच जण विसरतात.

क्लू आधी, कुलूप नंतर

क्रम उलटा ठेवा. कुलूप आधी नीट पाहिलं की उत्तर कोणत्या रूपात हवं ते कळतं. चार आकडे हवेत, पाच अक्षरं, बाण की रंग? समजा, भिंतीवरच्या चित्रात 3 लाल, 5 निळी आणि 2 पिवळी फुलं आहेत. नुसत्या चित्रावरून 352 टाकलं तर बहुधा चुकेल. कुलपावर निळी, लाल, पिवळी अशा क्रमाने पट्ट्या असतील तर उत्तर 532. आकडे एका ठिकाणी आणि त्यांचा क्रम दुसऱ्या ठिकाणी, ही या गेममधली सर्वांत आवडती मांडणी आहे. आकडे बरोबर असूनही कुलूप उघडत नसेल, तर आकडे सोडा आणि क्रम शोधा.

अंदाधुंद आकडे फिरवणं

तीन आकडी कुलपाचे 1,000 कोड होतात, चार आकडीचे 10,000. ते सगळे फिरवून पाहण्यात अर्थ नाही. पण चारही आकडे माहीत आहेत, वेगवेगळे आहेत आणि फक्त क्रम कळत नाही, तर 24 शक्यता उरतात. त्यातला एक आकडा दोनदा येत असेल तर 12. एवढ्या तपासायला हरकत नाही. एक अडचण मात्र लक्षात ठेवा: काही गेम तुम्ही संबंधित क्लू उघडून पाहिल्याशिवाय बरोबर कोडही स्वीकारत नाहीत. अशा वेळी क्लू शोधून, त्यावर टॅप करून, तोच कोड पुन्हा टाका.

वस्तू उचलली, पण पाहिली नाही

इन्व्हेंटरीत, म्हणजे उचललेल्या वस्तू जिथे जमा होतात तिथे, आलेली प्रत्येक वस्तू मोठी करून, गेममध्ये सोय असेल तर सर्व बाजूंनी फिरवून पाहा. टॉर्चच्या मागे बॅटरीचा कप्पा असतो, पेटीच्या तळाला खूण असते, पुस्तकाच्या पानांत किल्ली असते. दोन वस्तू एकमेकींवर ओढून जुळतात का तेही पाहा.

आरसा, घड्याळ आणि उलटे आकडे

डिजिटल आकडे आरशात पाहिले की 2 चा 5 होतो आणि 5 चा 2. 0 आणि 8 तसेच राहतात. कागद उलटा धरला, म्हणजे 180 अंशांत फिरवला, तर 6 चा 9 होतो, पण 2 आणि 5 बदलत नाहीत. या दोन क्रियांची गल्लत झाली की कोड हमखास चुकतो. घड्याळातही बारकावा आहे. साडेतीनला तास काटा 3 आणि 4 च्या मधोमध हवा. तो नेमका 3 वर आणि मिनिट काटा 6 वर असेल, तर तिथे वेळेऐवजी 3 आणि 6 हे आकडे किंवा काट्यांच्या दिशा अभिप्रेत असू शकतात.

दिव्यांच्या जाळीवर वाटेल तशी बटणं दाबणं

एक बटण दाबलं की तो दिवा आणि वर, खाली, डावी-उजवीकडचे दिवे बदलतात (पेटलेला विझतो, विझलेला पेटतो), हे कोडं वारंवार भेटतं. इथे दाबण्याचा क्रम महत्त्वाचा नसतो आणि तेच बटण दोनदा दाबणं म्हणजे न दाबण्यासारखंच. त्यामुळे सगळे दिवे विझवायचे असतील तर वरून खाली या: वरच्या ओळीत जिथे दिवा पेटलेला आहे, त्याच्या बरोबर खालचं बटण दाबा. शेवटच्या ओळीत दिवे उरले तर रीसेट करा, पहिल्या ओळीतली वेगळी बटणं दाबून सुरुवात करा आणि तीच पद्धत वापरा. 3×3 च्या जाळीत पहिल्या ओळीचे 8 पर्याय असतात आणि त्यातला एक नक्की जुळतो.

सेटिंगकडे दुर्लक्ष

फोनचा नाइट मोड रंग पिवळट करतो, त्यामुळे पांढरा आणि पिवळा यांत फरक कळत नाही. तो बंद करा, ब्राइटनेस वाढवा. आवाज बंद असेल तर टकटक, घंटा किंवा पियानोच्या सुरांवरचं कोडं सुटणारच नाही.

जोडीने खेळताना मोघम बोलणं

दोघांना वेगवेगळी खोली दिसत असेल तर ‘ते गोल चिन्ह’ म्हणून भागत नाही. आधी प्रत्येक चिन्हाला एक नाव ठरवा आणि डावीकडून उजवीकडे वाचायचं की वरून खाली, तेही.

थेट उत्तर पाहणं

हिंट घ्यायला काहीच हरकत नाही, पण ती एकेक पायरीने घ्या. आधी कुठे पाहायचं एवढंच विचारा. दुसऱ्याच्या व्हिडिओतला कोड तुमच्याकडे चालत नसेल तर गेम बिघडला असं समजू नका. काही गेम प्रत्येक डावात आकडे बदलतात. त्या व्हिडिओतून आकडा घेण्याऐवजी तो कुठून आणि कसा काढला ते पाहा, मग तुमच्या खोलीतले आकडे तसेच काढा.